चार खूर, दोन पाय

मेहकरात लग्नासाठी घोडी हवी असली की लोक अजूनही "भगवंतरावांची घोडी" असंच म्हणतात. भगवंतराव जाऊन चार वर्षं झाली. घोडी सांभाळतात त्या त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. सकाळी लीद काढणं, पैनगंगेवर नेऊन धुणं, खरारा करणं, खुरात अडकलेला खडा काढणं आणि वरातीच्या दिवशी तिला नाकापासून शेपटीपर्यंत नटवणं, हे सगळं त्यांच्याच हातचं. पण ते नवरदेवाच्या दारापर्यंत. दारात पोहोचलं की लगाम त्यांच्या हातातून पुतण्याच्या, हर्षलच्या हातात जायचा.

विधवा बाईनं नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरू नये, असा रिवाज. तो त्यांना कुणी ओरडून सांगितला नव्हता. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात मुलाच्या मामानं "तुम्ही बसा वहिनी सावलीत" म्हणत गोड बोलून लगाम हातातून काढून घेतला, आणि तेव्हापासून तोच पायंडा पडून गेला. मग वरात निघायची. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग घोडी, मग बायका, शेवटी धूर सोडणारी जनरेटरची गाडी. त्या गाडीच्याही मागे सत्यभामाबाई, एका हातात बादली आणि खांद्यावर घोडीची घोंगडी. एवढी सजवलेली ही घोडी, त्यांची हंसा, वरातीत दिसते कशी, हे त्यांनी समोरून कधी पाहिलंच नव्हतं. एकदा तरी तिच्या पुढ्यात चालावं एवढी एक इच्छा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी घोडीशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

दिवाळी झाली आणि लग्नसराईला अजून थोडा अवकाश होता, त्या दिवसांत पुष्पांजली आली. ती मूळची वडनेर भोलजीची, शिकलेली नागपूरला, चित्रकार. पण चित्रं काढायची तिनं सोडून दिली होती. ती आता अख्ख्या खोल्याच बांधायची. माणसानं चित्रासमोर उभं राहण्याऐवजी चित्राच्या आतून चालत जावं, असं तिचं म्हणणं. गावातलं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग तिनं मालक रामरावांकडून मागून घेतलं होतं. त्या लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये ती घोड्याची गोष्ट मांडणार होती. राजांच्या घोड्यांची नव्हे, घोडा घोडा कसा झाला त्याची.

"म्हणजे कसा झाला?" सत्यभामाबाईंनी विचारलं. त्या हंसाच्या शेपटीतली कुसळं वेचत होत्या.

पुष्पांजली गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. "मावशी, कोट्यवधी वर्षांपूर्वी घोडा होता कोल्ह्याएवढा. जंगलात राहायचा, पाला खायचा. त्याच्या पुढच्या पायाला चार बोटं होती."

"घोड्याले बोटं?"

"हो. मग जंगलं कमी झाली, गवताची माळरानं आली. लपायला जागा नाही म्हटल्यावर पळावं लागलं. पळता पळता बाजूची बोटं आखूड होत गेली, मधलं एकच राहिलं. ते म्हणजे हा खूर."

हर्षल दाराशी मोबाइल बघत उभा होता. तो म्हणाला, "मोठीमाय, मंग तू बी पळत जाय रोज. चपलीचा खर्च वाचंल."

सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हंसाचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि नळीच्या हाडावरून बोट फिरवलं. आतल्या बाजूला कातडीखाली एक बारीक, टोकाशी निमुळतं होत गेलेलं हाड लागत होतं. हजार वेळा हात फिरला होता तिथून, पण हे काय आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

"हे का ते?"

"हेच. बोटाचं उरलेलं हाड."

"अन् हे?" त्यांनी गुडघ्याच्या वरचा, आतल्या अंगाचा तो राखाडी, टणक डाग दाखवला. प्रत्येक घोड्याला असतो तसा. "आमचे हे म्हनत, घोड्याले आधी पंख होते. देवानं ते छाटले, त्याची ही खूण. बोटाचं खरं का पंखाचं खरं?"

पुष्पांजलीनं डाग निरखून पाहिला. "बोटाच्या हाडाचं नक्की आहे. या डागाबद्दल काही जण म्हणतात हाही जुन्या बोटाचाच अवशेष, काही म्हणतात नाही. त्यांचं एकमत झालेलं नाही."

"म्हंजे पंख असू बी शकते."

"तसं नाही मावशी," पुष्पांजली हसत म्हणाली.

तिला हवा होता आवाज. शेडच्या शेवटच्या खोलीत काहीच ठेवायचं नव्हतं. पूर्ण अंधार आणि पळणाऱ्या घोड्याचा पायाखालून येणारा आवाज, एवढंच. तोही इथल्याच काळ्या मातीवरचा. सोयाबीन निघालेलं रामरावांचं नदीकाठचं वावर रिकामं होतं. तिथं मातीत छोटे माईक पुरायचे आणि हंसाला मोकळी पळवायची.

"मोकळी?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"लगाम नाही, दोर नाही."

त्यांनी मान हलवली. एक तर हंसा हातची गेली तर घराचं काय, हा प्रश्न. पाय मुरगळला तर हंगाम गेला. पण खरा अडसर निराळाच होता आणि तो त्यांच्या बोलता बोलताच लक्षात आला. "पोरी, हे कधी पळालीच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू असताना आणली. तवापासून बाजा वाजला की नाचते, थांबला की थांबते. पळाचं तिले कोनी शिकवलंच नाही."

"पळायचं शिकवावं लागतं का?" पुष्पांजलीनं सहज विचारलं.

तिनं विचारलं आणि ती चहा पिऊन गेली. पण तो प्रश्न गोठ्यातच राहिला. वैरण टाकताना, पाणी ओढताना सत्यभामाबाई हंसाच्या पायांकडे बघत. कोट्यवधी वर्षं पळून पळून ज्याचा खूर झाला, तो पाय पळणं विसरेल का? आत कुठं तरी असेलच ना ते? का बोटांसारखंच तेही झिजून गेलं? तिसऱ्या दिवशी त्यांनी हर्षललाच पाठवलं, "त्या पोरीले सांग, उद्या येतो म्हना वावरात."

हर्षलनं नदीकडची बाजू दोर बांधून अडवली. पुष्पांजलीनं वावराच्या मधून लांब सरळ रेघेत माईक पुरले आणि कानाला यंत्र लावून वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली. सत्यभामाबाईंनी हंसाचा लगाम काढला, तोंडावरची मोहरकीही काढली. मोकळ्या तोंडाची घोडी त्यांनाच ओळखू येईना.

हंसा जागची हलली नाही.

हर्षलनं टाळ्या वाजवल्या, हाळ्या दिल्या. तिनं एक पाय उचलला आणि परत तिथंच ठेवला. मग त्यानं मोबाइलवर बँडचं गाणं लावलं. लगेच तिनं मान वाकवली आणि एका जागी थुईथुई नाचू लागली.

"पाह्य बरं," हर्षल म्हणाला, "हिले वाटून राह्यलं नवरदेव तयार होऊन येईल आता."

पुष्पांजलीलाही हसू आवरेना. हर्षलनं धुऱ्यावरची काडी उचलली तेव्हा मात्र सत्यभामाबाई म्हणाल्या, "ठेव ते खाली." त्या स्वतः भिजवलेल्या हरभऱ्याची बादली घेऊन वावराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. हंसा आली. पण आली ती वरातीतल्या चालीनं, एकेक पाऊल तोलत, जणू पाठीवर कुणी फेटा सांभाळून बसलं आहे.

ऊन उतरायला लागलं. पुष्पांजली म्हणाली, "राहू द्या मावशी. तिला नाही जमणार." तिच्या आवाजात राग नव्हता, पण ते वाक्य सत्यभामाबाईंना लागलं. घोडीला लागलं असतं तसं.

त्यांनी चपला काढल्या. पदर कमरेला खोचला. हंसाच्या पुढ्यात तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि काही कळायच्या आत पळत सुटल्या.

साठीला टेकलेली बाई. शाळेत असताना पळाल्या असतील तेवढ्याच. ढेकळांतून पाय वाकडेतिकडे पडत होते, छाती भात्यासारखी चालली होती. मागे वळून पाहायचं त्यांना धाडस होईना; घोडी तशीच उभी असली तर? आणि मग तळपायांना काहीतरी लागलं. कानाला नव्हे, तळपायांना. मातीतून येणारा एक ठोका, मग दुसरा, मग ते एकात एक मिसळले आणि जमीनच हलू लागली. हंसा त्यांच्या मागून आली, बाजूला आली, तिचा गरम श्वास दंडावर आला आणि ती पुढे निघून गेली.

मान लांब, शेपूट आडवी, चारही पाय पोटाखाली गोळा होऊन पुन्हा फेकले जात होते. बांधलेल्या दोरापर्यंत गेली. हर्षल "हंसे, हंसे" करत धावला. दोरावरून ती सहज गेली असती. पण तिथं तिनं वळण घेतलं, सगळ्या वावराला फेरा घातला, आणखी एक घातला आणि फुरफुरत येऊन सत्यभामाबाईंच्या खांद्यावर नाक ठेवून उभी राहिली. बाई मटकन खाली बसल्या होत्या. हसत होत्या की धापा टाकत होत्या, ते कळत नव्हतं.

"शिकवा लागत नाही," त्या पुष्पांजलीला म्हणाल्या. "नुसतं कोनीतरी म्होरं पळा लागते."

त्या दिवसाची किंमत मार्गशीर्षात कळली. पहिल्याच लग्नात बँड सुरू झाला, हर्षलनं लगाम धरला, हंसा चार पावलं नाचत गेली आणि थांबली. मान वळवून मागे बघायला लागली. हर्षलनं ओढलं, चुचकारलं, दोन शिव्याही दिल्या. हंसा वळली ती वळलीच. बायकांमधून वाट काढत, जनरेटरच्या गाडीला वळसा घालून ती थेट मागे सत्यभामाबाईंपाशी येऊन उभी राहिली. वर नवरदेव, हातात कट्यार, कपाळाला मुंडावळ्या. मांडव एकीकडे आणि नवरदेवाचं तोंड दुसरीकडे. नवरदेव माघारी फिरला, अशी कुजबूज क्षणात वरातभर झाली. मुलाची आत्या रडायलाच लागली. शेवटी मुलाला उतरवून मोटारसायकलवर मांडवात नेलं.

दुसऱ्या लग्नात तेच झालं. तिसऱ्या लग्नवाल्यांनी निरोप पाठवला, घोडी नको.

"त्या चित्रवालीनं घोडी बिघडवली," हर्षल म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्यालाही घर होतं, संसार होता. "मोठीमाय, आता पौष लागला. पौषात तर लग्नं नाहीत. माघात रामरावांच्या घरचं लग्न हाय. ते बी म्हनून राह्यले जीप सजवतो म्हनून. ते लग्न गेलं तं मी व्यापाऱ्याले बोलावतो. फुकट खाऊ घालनं आपल्याच्यानं होत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घोडी पळाली त्याचा पस्तावा करावा, तर तोही सत्यभामाबाईंना मनापासून होत नव्हता.

पौषातच पुष्पांजलीचं प्रदर्शन उघडलं. हंसा रिकामीच होती, म्हणून पुष्पांजलीच्या सांगण्यावरून सत्यभामाबाई तिला जिनिंगच्या मागच्या दाराशी, लिंबाखाली घेऊन बसत. आतली गोष्ट चालून आलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर एकदम जिवंत घोडी दिसावी, अशी त्या पोरीची कल्पना.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली, जी तिच्या कल्पनेत नव्हती. सगळ्यांच्या आधी आत शिरणारे उकंडराव नावाचे वयस्कर गृहस्थ होते. दारातून त्यांनी आत पाहिलं. काळोख, ओल्या मातीचा वास, एक मंद दिवा आणि दिव्याखाली मातीचा छोटासा प्राणी. त्यांनी गाभाऱ्यासमोर काढाव्यात तशा चपला काढल्या. मागचा त्यांच्याकडे पाहून थांबला, त्यानंही काढल्या. दुपारपर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. पुष्पांजली सांगून दमली की हे देऊळ नाही, आत चपला चालतात. कुणी ऐकेना. एक बाई तर म्हणाली, "तुमचं चालत असंल बाई, आमचं नाही चालत."

मग शेवटच्या खोलीतून बाहेर येणारी माणसं आपल्या तळव्यांकडे बघताना दिसू लागली. त्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन होती आणि आवाजाची यंत्रं त्या फळ्यांखाली होती. चपला घालून गेलं तर आवाज कानाला यायचा. अनवाणी गेलं की तो पायातून वर चढायचा. पुष्पांजलीनं स्वतःच्या चपला काढून आत फेरी मारली. दुसऱ्या दिवशी तिनं दारात पाटीच लावली, चपला बाहेर काढाव्यात.

लोक बाहेर येत, हंसाला बघत आणि हात जोडत. बायका दुसऱ्या दिवशी येताना पदरात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन आल्या, वरातीला घोडीला चारतात तशी. पण बाहेर येणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारी. घोडा तर पळतो आहे, ते ठीक. पण त्याच्या पुढे आणखी कुणीतरी पळतं. दोन पायांचं. ते कोण?

पुष्पांजली प्रत्येकाला म्हणायची, "तुम्हीच सांगा." सत्यभामाबाई हंसाच्या मानेआड तोंड घालून खरारा करत. त्या स्वतः अजून आत गेल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती. अंधाराची नव्हे, स्वतःची धाप चारचौघांत ऐकण्याची.

पौष सरत आला तेव्हा रामरावांच्या आई भिमाबाई आल्या. डोळ्यांना अंधूक दिसायचं, पण जीभ शाबूत. नातवाचं, राजकुमारचं लग्न तोंडावर आलं होतं. त्या काठी टेकत थेट लिंबाखाली आल्या.

"सत्यभामे, चाल माह्यासंगं. सारं गाव पाहून राह्यलं, म्या काऊन मागं राहू? पन मले दिसत नाही. तू म्होरं हो, मी तुहा पदर धरतो."

"आजी, मी... हर्षलले सांगतो ना."

"हर्षलले पदर हाय का?"

शेजारी उभ्या असलेल्या हर्षलनं हंसाला धरलं आणि दोघी आत गेल्या.

आधी ओल्या पालापाचोळ्याची जमीन लागली. चिखलात चार बोटांचे इवले ठसे उमटवलेले होते. सत्यभामाबाई थांबून ते भिमाबाईंना सांगत गेल्या. "कोल्ह्याएवढा होता म्हन्ते, आजी. चार बोटं होती त्याले." मग तुराट्या आणि उंच गवताची दाटी आली, त्यातून वारा वाहत होता. मग पांढऱ्या मातीची हाडं टांगलेली होती. भिमाबाईंनी हात लावून एकेक हाड चाचपलं. "हे माह्या मनगटावानी हाय," त्या म्हणाल्या. मग काळा पडदा आला आणि पायाखाली फळ्या आल्या.

काही वेळ काहीच नव्हतं. मग लांबून दोन पावलं. वाकडीतिकडी, ढेकळांत अडखळणारी. सोबत धाप. मग तळव्यांखाली तो ठोका आला, दुसरा आला, चार खूर मागून आले, दोन पायांपर्यंत पोहोचले, त्यांच्यासोबत पळाले आणि पुढे गेले. खोली शांत झाली.

"हे दोन पाय कोनाचे?" अंधारात भिमाबाईंनी विचारलं.

"माहे."

"अन् मागं हंसा?"

"हाव."

"लगाम कोनाच्या हाती होता?"

"लगाम नव्हताच, आजी."

भिमाबाईंनी पदर सोडला नाही. यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यांनी ते दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकलं.

बाहेर रामराव आईला घ्यायला येऊन उभे होते. भिमाबाईंनी लिंबाखाली टेकता टेकताच विषय काढला. "जीप नको सजवू. घोडी सांग."

"आई, ती घोडी माघारी फिरते. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"फिरनारच. तिले जिच्या मागं चालायचं ते बाई तुम्ही जनरेटरमागं ठेवली. तिले म्होरं चालू द्या."

रामरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "अवं पन लगाम... रिवाज हाय ना. लोक काय म्हनतीन?"

"लगाम हर्षलच्याच हाती राहू दे. सत्यभामा नुसती चालंल. नुसतं चालाले कोनाची मनाई हाय, सांग बरं? अन् मले बी नवरा जाऊन जमाना झाला. नातवाले हळद लावू नको म्हनशीन का मले?"

रामराव वकिलापुढेही गप्प बसणारे गृहस्थ नव्हते. पण आता ते हर्षलकडे वळून एवढंच म्हणाले, "बरं, हर्षल, या तुम्ही."

माघात राजकुमारची वरात निघाली. बँडच्या मागे, घोडीच्या पुढे सत्यभामाबाई चालत होत्या. अंगावर धुतलेलं साधं पातळ, चपला घरीच ठेवलेल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी त्यांनी ते पाठीशी धरले, मग पदराचं टोक धरलं. एकदोघींनी तोंडं वाकडी केली आणि पुढची वाट मोकळी करून बाजूला झाल्या. हंसा मागून नाचत येत होती. चौकात वळताना सत्यभामाबाईंनी वळून पाहिलं. कपाळावरचा चंद्र, गळ्यातली घुंगरमाळ, मानेवर त्यांनीच गुंफलेल्या झेंडूच्या ओळी, सगळं समोरून, पेट्रोमॅक्ससारख्या झगझगीत दिव्यांत. लगाम हर्षलच्या हातात होता खरा, पण तो सैल लोंबत होता. मांडवाच्या दारात हंसा स्वतःहून थांबली.

त्यानंतर व्यापाऱ्याचं नाव हर्षलनं काढलेलं नाही. घोडी सांगायला येणाऱ्यांना तो आता आधीच बजावतो, "आमच्या घोडीसंगं मोठीमाय येते. म्होरं चालते. चालत असंल तं सांगा." बहुतेकांचं चालतं. काहींचं चालत नाही, ते जीप सजवतात.

प्रदर्शन कधीच उचललं गेलं. पुष्पांजली आता दुसऱ्या कुठल्या गावात नदीतल्या माशांच्या गोष्टीमागे लागली आहे म्हणतात. सत्यभामाबाई अधूनमधून हर्षलकडून तिला फोन लावून घेतात. बोलणं हंसाच्या तब्येतीवरून सुरू होतं आणि ठरल्यासारखं एकाच ठिकाणी येतं.

"ते पायावरच्या खुणेचं काही ठरलं का गं? बोटाचं का पंखाचं?"

"नाही हो मावशी. अजून नाही."

"बरं," त्या म्हणतात, "ठरलं की सांग."